पांढऱ्या फुलाचा पाला

६ जुलै

ती. वन्सं यांना,

तुम्ही फोनवर बोलत नाही, म्हणून हे पत्र. पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढलेल्या बाईला फोनवरचं बोलणं हे बोलणंच वाटत नाही, हे मी आता मान्य केलंय. शिवाय आमचा फोन दुकानात आहे, आणि केस कापून घेणाऱ्या माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं.

आधी तुमच्या दादांचं. झटका येऊन चार महिने झाले. काठी घेऊन चालतात. उजवा हात नुसता बरोबर असतो. वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणतात, कळतं सगळं, फक्त सांगता येत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं नाही, पण बोलता येत होतं तेव्हा तरी हे कुठे काय सांगत होते? दिवसभर दुकानातल्या शेवटच्या खुर्चीत बसतात आणि मी कापलेल्या डोक्याकडे, अपघात झाला की माणसं बघतात, तसं बघतात. हो, मी कापते. एका खुर्चीवर आपला उंच कारागीर, दुसऱ्या खुर्चीवर मी. पहिल्या महिन्यात दोघांचे कान थोडक्यात वाचले. आता मला बघून गिऱ्हाईक दारातून परत फिरत नाही. जरा थांबतं, मन घट्ट करतं आणि आत येतं.

आता मुद्दा. तेल संपत आलंय. अकरा बाटल्या उरल्यात. माणूस आपल्याकडे केस कापायला येतो असं आपण म्हणायचं. खरं तर तो शेवटच्या दहा मिनिटांच्या मालिशसाठी येतो, आणि निमित्त म्हणून केस वाढवून आणतो. लेबलवर छापलंय, ‘केस काळे, डोकं शांत’. केसांचं मी छातीठोक सांगणार नाही, आणि शांत डोकं या घरात मी अजून पाहिलेलं नाही. पण लोकांना ते तेल हवं असतं. आणि ते कसं करायचं हे फक्त ह्यांना माहीत.

तुमचा चुलतभाऊ, ज्याला तुम्ही लहानपणी अत्तऱ्या नाव ठेवलंत तो, रविवारी त्याच्या वडिलांना घेऊन आला. वास आधी आला, मग तो. म्हणाला, “दुकान दोन्ही घरांचं आहे. आणि दुकान म्हणजे तेल. वहिनींना तेल येत नाही, मला येतं. किल्ली माझ्याकडे द्या.” मी विचारलं, “तुम्हाला कधीपासून येतं, भाऊजी?” तर म्हणे, “ते रक्तात असतं.” काका त्याचे वडील खरे, पण त्यांनी चाळीस वर्षं याच दुकानात उभं राहून काम केलंय. ते म्हणाले, “सूनबाई, एकवीस सप्टेंबरला येतो. मूळचं तेल जो करून दाखवील, त्यानं दुकान चालवायचं. वाद नको.”

मला दुकान सोडायचं नाही. ते गेलं तर ह्यांना कुठल्या खुर्चीत बसवू? तुम्ही त्या घरच्या लेक. लहानपणी तेलाच्या कामाला होतात, एवढं मला ठाऊक आहे. कृती लिहून पाठवा. मला पाल्याचं नावसुद्धा माहीत नाही. बावीस वर्षं हे पहाटे रबरी हातमोजे आणि पिशवी घेऊन बाहेर जायचे, आणि पिशवी थेट मागच्या खोलीत. चोथासुद्धा स्वतः नेऊन पुरायचे. मला वाटायचं, पाला काटेरी असेल.

लोभ सवडीने करा, उत्तर लगेच.

तुमची वहिनी


१४ जुलै

वहिनी,

पत्र पोचलं. तिकीट उलटं लावलंयस.

आमच्या घराचा नियम तुला लग्नात कुणी सांगितला नसेल, तर मी सांगते. मुलींनी खुडायचं आणि कुटायचं, मुलानं उकळायचं, सुनेनं बाटल्या धुवायच्या. बाबांनी हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. पण त्यांच्यासमोर उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. मुलगी दुसऱ्या घरी जाणार, सून दुसऱ्या घरून आलेली. मग विश्वासाचं राहिलं कोण? दादा.

तरी अत्तऱ्याच्या हातात किल्ली गेलेली बघण्यापेक्षा मी नियम मोडलेला बघेन. त्याला तेल करता येत असेल तर मला विमान चालवता येतं.

पाल्याचं नाव माका. जमिनीलगत पसरतो, लहान फुलं येतात, सूर्यफुलाच्या गोतातला आहे पण गरीब शाखेतला. तू शोधायला जाऊ नकोस, गवत उपटून आणशील. आमच्याकडे पोस्टासमोर हवा तेवढा आहे, मी पाठवते. सोबतचं पार्सल ओल्या फडक्यात बांधलंय. मिळेल त्याच दिवशी कुटून रस काढ, तिळाच्या तेलात घाल आणि उकळ. उकळण्याचं मी लिहीत बसत नाही. बावीस वर्षं चूल सांभाळलीस, तेवढं कळेलच.

पाला कुणी पाठवला हे दादाला सांगू नकोस. त्याला सगळं कळतं म्हणतेस, तर उगाच कशाला.

तुझी नणंद


२९ जुलै

ती. वन्सं यांना,

पार्सल मिळालं. ओलं फडकं चार दिवसांत आणखीच ओलं झालं होतं. पोस्टमन ते हात लांब करून देत होता, आणि मी तितकाच लांब हात करून घेतलं. अर्धा पाला सडला, उरलेला कुटला. रस निघाला वाटीभर.

तो तेलात ओतला आणि कढई उतू गेली. मागची खोली, माझी चप्पल आणि उंच कारागिराचा डबा, सगळं तेलकट. दुसऱ्या खेपेला मोठी कढई घेतली. उकळून उकळून शेवटी जे हाती आलं त्याला जळक्या भाजीचा वास होता. बशीत घालून ह्यांच्या नाकाखाली धरलं. ह्यांनी वास घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बावीस वर्षांत माझ्या स्वयंपाकावर इतकं स्पष्ट मत कधी दिलं नव्हतं.

रस किती, तेल किती? आच मंद की मोठी? उतरवायचं कधी? मला एवढंच ठाऊक आहे की दाराआड मी बाटल्या धुवत बसायची तेव्हा आधी फसफस यायची, मग बराच वेळ तडतड, मग तडतड थांबायची, आणि थोड्या वेळानं झाकण पडल्याचा आवाज यायचा. म्हणजे मला कृती येते, पण फक्त कानाला.

सात बाटल्या उरल्या. अत्तऱ्या रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवरून आमचं दुकान मोजल्यासारखं बघत जातो. कालच दारात डोकावून म्हणाला, “वहिनी, ही आरशाची बाजू आपण बदलू.” मी म्हटलं, “आपण?”

प्रमाण कळवा. आकड्यात.

तुमची वहिनी


५ ऑगस्ट

वहिनी,

सडका पाला कुटलास यातच सगळं आलं. माझ्या पाल्यात खोट नाही. वीस वर्षं मी इथे याच पाल्याचं तेल करून डोक्याला लावतेय. शेजारणी विचारतात, “काय लावता हो?” मी सांगते, “माहेरचं.” माझे केस या वयातही जागेवर आहेत. पांढरे आहेत, पण जागेवर आहेत.

प्रमाण विचारतेस. बरोबरीनं घे. जेवढा रस तेवढं तेल. आच मध्यम. थांबायचं कधी ते रंगावरून कळतं.

दुसरं पार्सल आजच स्पीडपोस्टनं टाकलंय. पोस्टातल्या पोरी अजून मला घाबरतात; वाटेत पडून राहणार नाही. ताजा खुडलाय. पोस्टासमोर रस्त्याच्या मधोमध जो लांबलचक वाफा आहे तिथे नुसती पिवळीधमक फुलं पसरलीत. पालिकेचा माळी रोज नळीनं पाणी घालतो. मी पिशवी काढली की तो पाठ करून उभा राहतो, म्हणजे त्याला काही दिसत नाही आणि मला काही बोलावं लागत नाही. इतका टवटवीत पाला बाबांनासुद्धा कधी मिळाला नव्हता.

आता बिघडलं तर हात तुझा, पाला माझा नव्हे.

तुझी नणंद


१८ ऑगस्ट

ती. वन्सं यांना,

पार्सल तीन दिवसांत आलं. पाला टवटवीत. बरोबरीनं घेतलं, आच मध्यम ठेवली, तडतड थांबेपर्यंत कढईजवळून हलले नाही. तेल पिवळसर झालं. दिसायला देखणं. वास काहीच नाही.

ह्यांना दाखवलं. या वेळी तोंड फिरवलं नाही. वाईट केलं त्याहून. काठी बाजूला ठेवली, डाव्या हातानं माझा हात धरला, पंजा उलटा केला, तळवा बघितला, अंगठ्यानं चोळला, मग दुसरा हात बघितला. आणि मान हलवली. नाही, नाही. आणि माझा हात माझ्याच मांडीवर परत ठेवून दिला, दुकानात न पटलेला माल ठेवतात तसा.

म्हणजे माझ्या हाताला गुण नाही. समजलं मला. सुनेच्या हाताला तो कुठून असणार? मी पाच महिने ह्यांना याच हातानं भरवतेय, याच हातानं ह्यांची दाढी करतेय, तेव्हा हात चालला. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना तसाही फरक पडत नाही, पण मला पडतो.

अत्तऱ्या स्वतःचं तेल घेऊन आला होता. डांबरासारखं काळं. एका गिऱ्हाइकाला फुकट लावून दाखवलं. तो माणूस गेला, आणि मानेखालचा टॉवेल अजून काळा आहे. तीनदा उकळला. अत्तऱ्या म्हणतो, “बघा, किती पक्कं!”

पाच बाटल्या आणि पाच आठवडे. वन्सं, मी हरायला बसलेले नाही. पण तुम्ही मला सगळं सांगत नाही, असं मला वाटायला लागलंय. राग आला तर येऊ द्या. पण येताना कृती घेऊन येऊ द्या.

तुमची वहिनी


२५ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र चारदा वाचलं. दादानं तुझे हात का बघितले ते मला कळलं. तुझ्या हाताला गुण नाही असं तो म्हणत नव्हता. तुझे हात स्वच्छ आहेत, असं म्हणत होता.

खरा माका खुडला, कुटला की हात काळे होतात. मळकट नाही, काळे. रस हिरवा दिसतो, वारा लागला की डोळ्यांदेखत काळा पडतो. तो रंग आठ-आठ दिवस जात नाही. मी आणि थोरली बहीण, आम्ही दोघी शाळेत हात पाठीमागे बांधून उभ्या राहायचो. बाई म्हणायच्या, “काय लपवताय?” बाबांनी दादाला कधी पाल्याला हात लावू दिला नाही, काळ्या बोटांच्या कारागिराला गिऱ्हाईक मानेला हात लावू देत नाही. म्हणून मुलींनी खुडायचं. घराण्याचं गुपित, विश्वास वगैरे सगळं मागाहून चिकटवलेलं. मूळ कारण एवढंच की मुलाचे हात गोरे राहायला हवे होते. आणि त्या हातमोज्यांनी तुला बावीस वर्षं फसवलं, काट्यांनी नव्हे.

पोस्टात नोकरी लागली त्या पहिल्या दिवशी खिडकीतून एक माणूस म्हणाला, “बाई, आधी हात धुऊन या, मग तिकीट द्या.” मी धुतलेलेच होते. पुढे इथे बदली झाली. पांढऱ्या फुलाचा माका कुठे दिसला नाही, आणि खरं सांगू, मी फार शोधलाही नाही. पिवळ्या फुलाचा दिसला, पानं तशीच वाटली, आणि हात स्वच्छ राहिले. मी स्वतःला सांगितलं, हाच तो. वीस वर्षं सांगितलं. ते शोभेचं झाड आहे, वहिनी. माळ्याला आज विचारलं. तो पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बोलला.

आणखी एक. उकळण्याचं मला काहीही माहीत नाही. त्या खोलीचं दार माझ्यासाठीही बंदच असायचं. ‘बरोबरीनं घे’ हे मी मनानं लिहिलं. मला माहेरच्या तेलातलं काही येत नाही, असं तुला लिहायला माझा हात धजत नव्हता.

आता मला जे खरंच येतं ते लिहिते. ओली जागा बघ: नाल्याचा काठ, मोरीचं तोंड, तळ्याची कड. फूल पांढरं, शर्टाच्या बटणाहून लहान. पानं समोरासमोर, लांबट, हाताला खरखरीत. देठ मोड आणि शंभर मोज. मोडल्या जागी काळं पडलं तर तोच. नाही पडलं तर सोडून दे, मग फूल कितीही पांढरं असो. सकाळी खुड, दुपारच्या आत कूट, रस वस्त्रगाळ कर. हातमोजे घालू नकोस. तुला कळायला हवं की तोच आहे.

माफी मागायची मला सवय नाही. हे पत्र रजिस्टरनं पाठवतेय, तेच समज.

तुझी नणंद


४ सप्टेंबर

ती. वन्सं यांना,

रजिस्टर सही करून घेतलं. रागावण्यासाठी माझ्याकडे एक पूर्ण संध्याकाळ होती, ती मी वापरली. आता काम.

माका कुठे मिळाला सांगू? दुकानाच्या मागे. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे दाट पसरलेला. दर पंधरवड्याला मी उंच कारागिराला सांगून तो उपटून फेकायला लावत होते. स्वच्छतेची मला फार आवड! देठ मोडला, शंभर मोजायला लागले आणि तीसच्या पुढे जावं लागलं नाही. पण मोरीतलं लोकांच्या डोक्याला लावायचं नव्हतं, म्हणून तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेले. तिथे इतका आहे की म्हशी त्यावर बसतात. दोन पिशव्या खुडल्या. दुपारपर्यंत माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे.

दुकानात आले. ह्यांनी हात बघितले. मी मुद्दाम पुढे केले नाहीत हो, पण लपवलेही नाहीत. मग डावा हात वर केला. चार बोटं. मग एक बोट. मला आधी वाटलं पाणी हवंय. मग कळलं: चार भाग रस, एक भाग तेल. बावीस वर्षांत मला सांगितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही बोटांनी.

त्यांची खुर्ची मागच्या खोलीत नेली, दार उघडंच ठेवलं. आच मंद. तीन तास. तडतड थांबली तशी मी कढई उतरवायला गेले, तर ह्यांनी काठी आपटली. थांब. मग कढईच्या तळाशी बसलेला रसाचा चोथा बोटांत घेऊन वळवायची खूण केली. मी वळला. वातीसारखा वळला, चिकटला नाही, तेव्हा काठी दोनदा आपटली. उतरव. तेल गडद हिरवं झालं. वास घेतला आणि मला दाराआड बाटल्या धुतल्याची सगळी वर्षं एकदम आठवली. ह्यांनी बोट बुडवून स्वतःच्या कपाळाला लावलं आणि डोळे मिटून बसले. मी मत विचारलं नाही.

हातांचं म्हणाल तर काल एका गिऱ्हाइकानं मान आखडून घेतली. मी म्हटलं, “रंग आहे, मळ नाही. दोनदा धुतलेत. तुम्ही केस कधी धुतले होते ते विचारू का?” मान पुढे करून बसला. हातमोजे आणायचे असं उंच कारागीर म्हणतो. मी आणणार नाही.

एकवीस तारखेला येतो म्हणालेत ना काका, तर या म्हणावं.

तुमची वहिनी


१० सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र पोस्टात नेऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. दोघी पोरींनी डोळे पुसले, एकीनं माक्याचा फोटो मागितला.

आता ऐक. अत्तऱ्या हरला तर गप्प बसणारा नाही. लहानपणी गोट्या खेळताना हरला की म्हणायचा, गोटी खोटी आहे. तुझ्याकडे जुन्या बाटल्या उरल्यात हे त्याला माहीत आहे. तो म्हणेल, हिनं जुनंच तेल ओतून आणलं. याला काय उत्तर देणार ते आत्ताच ठरवून ठेव.

मी तुझ्या बाजूनं काकांना पत्र लिहिणार होते. मग वाटलं, कशाला? तुझं तोंड काही बंद नाही.

तुझी नणंद


२२ सप्टेंबर

ती. वन्सं यांना,

काल झालं.

काका दहाला आले. अत्तऱ्या नवा शर्ट घालून. दुकानात सहा गिऱ्हाइकं, आणि कुणीही उठायला तयार नाही. तमाशा फुकट होता. काकांनी आधी मुलाची बाटली उघडली. बोटाला लावलं, हुंगलं आणि बोट आपल्या रुमालाला पुसलं. रुमाल बघितला. म्हणाले, “हे बुटाला लाव.” मग माझी उघडली. हुंगली. दुसऱ्यांदा हुंगली. मग म्हणाले, “वास मूळचा आहे.”

आणि तुम्ही लिहिलं होतं अगदी तेच. अत्तऱ्या म्हणाला, “असणारच! दादाच्या जुन्या बाटलीतलं ओतलंय. हिला कोण शिकवणार? दादा बोलत नाही आणि बाबा, आपल्यात सुनेला सांगत नाहीत.”

काका माझ्याकडे वळले. “सूनबाई?”

मी म्हटलं, “इथेच करून दाखवते. भाऊजींनी पण करावं. शेगडी दोघांना देते.”

“मी करीन,” अत्तऱ्या म्हणाला, “पण चार लोकांत नाही. घराण्याचं गुपित आहे ते.”

मी पहाटेच खुडून ठेवला होता. पिशवी आणून दुकानाच्या मधोमध ओतली. आरशासमोर बसून कुटायला लागले. वन्सं, मोठ्यानं सांगत कुटत होते, अगदी शाळेतल्या बाईसारखी: हा माका, फूल पांढरं, मोडला की काळा पडतो, बघा, रस चार, तेल एक. अत्तऱ्या पहिल्यांदा हसला, मग हसायचं थांबला आणि दार लावायला उठला. “अहो वहिनी, रस्त्यावरचे लोक बघतायत!” काकासुद्धा म्हणाले, “सूनबाई, दार लावून घे. हे बाहेर गेलं की आपलं काय राहिलं?”

मी म्हटलं, “काका, दार लावलं होतं म्हणूनच ही पाळी आली. एक माणूस आजारी पडला आणि तेल संपलं. वन्संना खुडणं येत होतं, ह्यांना उकळणं, मला बाटल्या धुणं. तिघं जिवंत, आणि तेल मेलेलं. हे असलं गुपित मला चालवायचं नाही. दुकान मला मिळालं तरी दार उघडं राहील. नाही मिळालं तर भाऊजींनी खुशाल लावून घ्यावं.”

अत्तऱ्यानं दाराला हात घातला. तेवढ्यात ह्यांनी काठी लांब करून उंबऱ्यात आडवी टाकली. दार लागेना. तो काठी ओढायला वाकला, तर ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो नुसताच सरळ उभा राहिला. बावीस वर्षं चोथा पुरून येणारा माणूस, वन्सं.

तीन तास लागले. मध्ये उंच कारागिरानं चौघांचे केस कापले. एकजण पाकिटावर कृती लिहून घेत होता, त्यानं मला प्रमाण परत विचारलं. मी परत सांगितलं. अत्तऱ्यानंही तळहातावर लिहिलं. मी बघितलं नाही असं दाखवलं. चोथ्याची वात वळली, कढई उतरवली. गार व्हायची वाट न बघता काकांनी वाफेत नाक घातलं.

मग म्हणाले, “मला हे कधी सांगितलं नाही थोरल्या भावानं. चाळीस वर्षं लावलं लोकांना, पण करायचं कसं ते आज बघितलं.” आणि मुलाकडे न बघता, “किल्ली हिची. संपलं.”

अत्तऱ्या म्हणाला, “बाबा, तुम्ही माझे वडील आहात.” काका म्हणाले, “म्हणून तर तुझ्या बाटलीचा वास आधी घेतला.”

रात्री ह्यांना भरवून झाल्यावर मी जेवायला बसले आणि दोनदा वाढून घेतलं.

तुमची वहिनी


२९ सप्टेंबर

वहिनी,

तू कृती साऱ्या रस्त्याला वाटलीस हे वाचून आधी मी कपाळाला हात लावला. बाबा असते तर... पण बाबा असते तर तू अजून बाटल्याच धूत बसली असतीस, आणि मी तुला फुलं पिवळी असतात असं सांगत असते.

माझी पिवळ्या पाल्याची बाटली आज मोरीत ओतली. शेजारणीला सांगितलं, माहेरचं नव्हतं ते, शोभेचं होतं. ती म्हणाली, “तरीच!” गेली बारा वर्षं ती माझ्याकडून नेत होती.

पेन्शनवालीला रजा काढावी लागत नाही. पंधरा तारखेला येतेय, महिनाभर. खुडायला नाही येत. माझं खुडून झालंय. मला कढईपाशी बसायचंय. दादाला विचार, चालेल का. नाही म्हणाला तर सांग, मी विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

तुझी नणंद


५ ऑक्टोबर

ती. वन्सं यांना,

ह्यांना विचारलं नाही, कळवलं. काठी दोनदा आपटली. याचा अर्थ ‘हो’ किंवा ‘उतरव’. मी ‘हो’ धरलाय. तेव्हा या. स्टूल आणून ठेवलंय, कढई मोठी घेतलीय, आणि पहिल्या दिवशी उतू घालवायचा मान तुमचा.

कृती वाटून दुकान बसेल असं अख्ख्या गल्लीनं भाकीत केलं होतं. पाकिटावर लिहून घेणारा तो माणूस परवा आला. हात कोपरापर्यंत काळे, चेहरा त्याहून. म्हणाला, “दोन दिवस खुडलं, कुटलं, बायकोनं भांडी फेकली, आणि तेल निघालं अर्धी वाटी. एक बाटली द्या.” अत्तऱ्यानं पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान काढलंय. तिथे आता खरं माक्याचंच तेल आहे म्हणतात, आणि बरं आहे म्हणतात. असू दे. इतकी डोकी आहेत गावात, वाटून घेऊ.

दुकान सकाळी आठला उघडतं, साडेसातला मी झाडायला येते. आज झाडून होतं न होतं तोच काका दारात. दाढी करून घ्यायला. आजवर त्यांनी कुणा परक्याला, आणि बाईला तर नाहीच, गळ्याला वस्तरा लावू दिलेला नाही. उंच कारागिराकडे न बघता सरळ माझ्या खुर्चीत बसले. साबण लावला. वस्तरा परजला. काका आरशात माझ्या हातांकडे बघत म्हणाले, “सूनबाई, जरा जपून.”

मी म्हटलं, “काका, गळा तुमचा, वस्तरा माझा. आता बोलू नका, हलाल.”

तुमची वहिनी